एका बिळात दोन बिऱ्हाडे

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जेवणे आटोपून घरातील मंडळी आपापल्या कामाला लागली होती. इतक्यात बाहेरच्या खोलीतून 'टक्' असा कोरडा, स्पष्ट आवाज आला. काचेच्या मत्स्यपेटीला तडा गेला, या कल्पनेने मी धावत गेलो. चारही बाजूंवरून हात फिरवला, खालची फळी चाचपली. पाण्याचा थेंबही बाहेर आलेला नव्हता. काही वेळाने पुन्हा 'टक्' झाले, आणि आता तो आवाज वाळूच्या आतून येत आहे हे ध्यानात आले. आदल्या दिवशीच पेटीत आणून सोडलेली जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची कोळंबी बिळात बसून आपली नांगी वाजवीत होती.

हे घर बंगळूरच्या जे. पी. नगर या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेली असून पूर्वेचा काय किंवा पश्चिमेचा काय, कोणताही समुद्र येथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. अशा ठिकाणी समुद्रातील प्राणी पाळण्याचा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे कारण एक भाषांतर होय. प्राण्यांच्या सहजीवनावरील एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद मी करीत होतो. तीत गोबी मासा व कोळंबी एका बिळात एकत्र राहतात, मासा पहारा करतो व कोळंबी खणते, असे दोन ओळींत सांगून लेखक पुढे गेला होता. आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने तो मजकूर वाचला आणि विचारले, "पण बाबा, मासा पहारा करतोय हे कोळंबीला कळतं कसं?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात पुढे जे घडले, त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम या दोघांची ओळख करून घेऊ. गोबी हे मत्स्यकुल फार मोठे आहे. त्याच्या व त्याच्या निकटच्या आप्तांच्या जाती दोन हजारांच्या आसपास भरतात. कोकणातील वाचकांना यांपैकी एक तरी खात्रीने परिचित असतो. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर सरपटणारी, उड्या मारणारी व बाजारात जिवंतपणी विकली जाणारी निवटी ही याच गोतातली. परंतु निवटी चिखलात आपले बीळ स्वतः खणते, तर आपल्या लेखाचा नायक आयत्या बिळात राहतो. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण येथे चटकन आठवते. ती या माशाला लागू पडत नाही, हे पुढे दिसेलच. कोळंबीच्या बिळात राहणाऱ्या गोबींच्या शंभराहून अधिक जाती ज्ञात आहेत. तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागर ओलांडून प्रशांत महासागराच्या बेटांपर्यंत, प्रवाळखडकांच्या पायथ्याच्या वाळूत त्यांची वस्ती असते. आमच्या पेटीत आला तो क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस या जातीचा, बोटभर लांबीचा, हळदीसारख्या पिवळ्या रंगाचा व अंगावर निळे ठिपके असलेला मासा. इंग्रजीत त्याला पहारेकरी म्हणतात. मराठीत त्याला 'राखणदार' म्हणावे असे मला वाटते, कारण गावाच्या वेशीवर उभा राहणारा राखणदार कोकणच्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही.

कोळंबी अल्फियस या प्रजातीची होती. हिच्या पुढील दोन नांग्यांपैकी एक नांगी दुसरीपेक्षा अवाढव्य असते. व्यापारी तिला 'पिस्टल श्रिम्प' म्हणतात. मी तिला येथे 'चुटकी कोळंबी' म्हणणार आहे, कारण बोटांनी चुटकी वाजवावी तशी ती नांगी वाजवते. ही चुटकी साधी नव्हे. नांगीचा उघडलेला आकडा खटकन मिटतो तेव्हा त्याच्या खाचेतून पाण्याची एक तीव्र धार बाहेर फेकली जाते. त्या धारेच्या वेगामुळे पाण्याचा दाब क्षणभर इतका उतरतो की तेथे वाफेचा बुडबुडा निर्माण होतो, आणि लगेच तो बुडबुडा भोवतालच्या दाबाखाली चिरडला जातो. आवाज होतो तो नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटल्याचा नव्हे, तर हा बुडबुडा फुटल्याचा, ही गोष्ट २००० साली जर्मन व डच संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रणाने सिद्ध केली. पुढच्याच वर्षी त्यांनी असेही दाखविले की बुडबुडा मिटताना डोळ्यांना न दिसणारी प्रकाशाची एक ठिणगी उमटते व त्याच्या आतील तापमान निदान पाच हजार अंशांपर्यंत चढते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या यंत्रांना उथळ उष्ण समुद्रात सतत तडतड ऐकू येई; तिचा उगम शोधता शोधता अमेरिकेतील शास्त्रज्ञ याच कोळंब्यांपर्यंत येऊन पोहोचले होते. एवढे सामर्थ्य असलेल्या या प्राण्याची दृष्टी मात्र अधू असते. उघड्या वाळूवर भक्षक मासा आला तर तो अगदी जवळ येईपर्यंत तिला त्याचा पत्ता लागत नाही.

दोघांच्या भागीदारीचे मूळ येथे आहे. वाळूत सुरक्षित बीळ खणणे गोबीला जमत नाही, आणि दूरवर पाहणे कोळंबीला जमत नाही.

पेटीत मी व माझ्या मुलीने जे पाहिले ते असे. सकाळी दिवा लागला की प्रथम राखणदार बिळाच्या तोंडाशी येतो, डोके बाहेर काढतो, काही वेळ स्थिर राहतो, मग अर्धे शरीर बाहेर काढून वाळूवर टेकतो. त्यानंतर कोळंबी येते. दोन्ही नांग्यांचा सुपासारखा उपयोग करून ती वाळूचा ढीग पुढे ढकलीत दाराबाहेर नेऊन टाकते, मागे फिरते, पुन्हा नवा ढीग आणते. बिळाचे छत सतत ढासळत असल्याने हे काम कधी संपत नाही. या सर्व येरझारांत बाहेर असताना तिची एक लांब मिशी, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील शृंगिका, माशाच्या अंगाला, बहुधा शेपटीजवळ, टेकलेली असते. आंधळ्या माणसाने वाटाड्याच्या खांद्यावर हात ठेवावा तसा हा प्रकार आहे. माझ्या मुलीने एकदा काचेजवळ हळूच वही सरकवली. माशाने जागा न सोडता शेपटी दोन-तीन वेळा झटकन हलवली. त्याच क्षणी कोळंबी वाळूचा ढीग टाकून आत शिरली. वही आणखी पुढे येताच मासाही डोके खाली घालून आत गेला. प्रश्नाचे उत्तर मिळाले: कोळंबीला ते दिसत नाही, तिला ते स्पर्शाने कळते.

अर्थात हा शोध आमचा नव्हे. तांबड्या समुद्रातील या सहजीवनाचे वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लुथर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. इस्रायलचे इलान कार्प्लस व त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली आणखी एक मार्मिक गोष्ट दाखविली. हे दोघे एकमेकांकडे आकर्षिले जातात खरे, परंतु मासा कोळंबीला डोळ्यांनी ओळखतो, तर कोळंबी माशाला पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांवरून, म्हणजे जवळजवळ वासाने ओळखते. हवाई बेटांवर प्रेस्टन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेपटीच्या हालचाली व कोळंबीचे प्रतिसाद यांचा बारकाईने विचार आहे. आणि मासा फुकट राहतो काय, या शंकेवर २०१७ साली जपानी संशोधकांनी अनपेक्षित उत्तर दिले: बिळात पडणारी गोबीची विष्ठा ही कोळंबीच्या आहाराचा महत्त्वाचा भाग असते. भाडे चुकते करण्याची ही रीत आपल्याला चमत्कारिक वाटेल, परंतु दाराबाहेर चरायला जाणे ज्याला धोक्याचे, त्याला घरात मिळणारे अन्न मोलाचेच.

आता समुद्र कसा तयार केला ते सांगतो. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा त्याला पाण्याची चिंता नव्हती. रस्ता ओलांडला की समुद्र होता. माझ्या वयाच्या कित्येक मराठी मुलांनी समुद्रातील जिवंत मासा प्रथम तेथेच पाहिला असेल. २०१५ साली नूतनीकरण होऊनही पुढे ती इमारत धोकादायक ठरून मत्स्यालय बंद पडले, याची रुखरुख वाटते. बंगळूरला मात्र समुद्र पुडक्यातून आणावा लागतो. सागराच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील सोडियम व क्लोराइड हे सुमारे ८५ टक्के भरतात. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी येतात. स्वयंपाकघरातील मीठ घालून हे पाणी होत नाही, ते या उरलेल्या पंधरा टक्क्यांमुळे. कात टाकल्यावर नवे कवच घडविण्यास कोळंबीला कॅल्शियम हवे, ते साध्या मिठात कोठून येणार? १२० लिटरच्या आमच्या पेटीस तयार सागरी क्षार चार किलोंहून अधिक लागले. हायड्रोमीटरवर पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ ठेवावयाचे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून रोजची घट भरून काढताना नेहमी गोडे पाणीच घालावे. नवशिके येथे हमखास चुकतात व मिठाचे पाणी घालीत राहतात.

पाणी झाले म्हणजे समुद्र झाला असे नाही. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो व तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू वाळूत व दगडांवर स्थिरावण्यास महिना ते दीड महिना लागतो आणि तेवढा काळ पेटी माशांवाचून चालू ठेवावी लागते. आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांस ही रिकामी पेटी फार हास्यास्पद वाटे.

वाळूबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या जोडीचे जगणे वाळूवर अवलंबून आहे. थर निदान आठ ते दहा सेंटिमीटर जाडीचा हवा. नुसती बारीक वाळू घातली तर बीळ उभे राहत नाही. तिच्यात शिंपल्यांचे व प्रवाळाच्या मृत खड्यांचे बारीक-मोठे तुकडे मिसळावे लागतात. कोळंबी हे तुकडे गवंड्याप्रमाणे निवडून दाराच्या कडेला व छताला बसवते. मोठे दगड वाळूवर कधीही ठेवू नयेत, ते पेटीच्या तळावर टेकवून नंतर भोवती वाळू घालावी; नाहीतर कोळंबी त्यांच्याखाली पोखरते आणि एके दिवशी दगड तिच्याच अंगावर बसतो. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. बंगळूरच्या थंडीत रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो, त्यामुळे येथे तापकाची गरज भासते. वीज गेल्यास हवा पुरविणारा बॅटरीचा पंप जवळ असावा. आणि एक इशारा: माशांच्या कातडीच्या रोगांवर विकली जाणारी तांबेयुक्त औषधे कोळंबीला प्राणघातक असतात. दुकानदाराने 'सर्व माशांना चालते' म्हटले तरी बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय थेंबही घालू नये. मासा वाचेल आणि कोळंबी जाईल.

एवढे सारे पाळूनही आमच्या हातून चूक झालीच. गोबी मासे घाबरले की पाण्याबाहेर उडी घेतात, हे मी वाचले होते आणि पेटीवर जाळीही बसविली होती. परंतु नळी आत जाण्यासाठी एका कोपऱ्यात तीन बोटांची फट राहिली होती. एका सकाळी राखणदार दिसेना. दोन दिवसांनी तो फळीच्या मागे, भिंतीलगत, वाळून कडक झालेला सापडला. मुलगी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि तिचे चुकले असे मला वाटले नाही.

त्यानंतर कोळंबी बाहेर आलीच नाही. बिळाचे तोंड वाळूने भरून आले, खणण्याचे काम थांबले, काचेलगतच्या बोगद्यात केवळ एखादी मिशी हलताना दिसे. रात्री क्वचित 'टक्' असा आवाज येई, तेवढीच ती जिवंत असल्याची खूण. मुलगी लांब नळीने बिळाच्या तोंडाशी अन्नाचे कण सोडी. तेवीस दिवस हा क्रम चालला. वर्णनांतून वाचलेली गोष्ट अशी समोर पाहिली म्हणजे तिचा अर्थ वेगळा लागतो: राखणदाराशिवाय कोळंबीला आपले दारही उघडता येत नाही.

दुसरा मासा आणावयाचा तर तो कोठून येतो, हे आधी विचारावे असे ठरविले. "चेन्नईहून," दुकानदार म्हणाला. त्यापूर्वी कोठून, हे त्यास सांगता आले नाही. या प्रश्नात केवळ कुतूहल नव्हते. शोभेचे बहुतेक सागरी मासे आजही समुद्रातून पकडलेलेच असतात, आणि फिलिपाईन्ससारख्या देशांत १९६० च्या दशकापासून सायनाइडचा फवारा मारून मासे गुंगवून पकडण्याची घातक पद्धत शिरली. तीत लक्ष्य नसलेले जीव व प्रवाळही मरतात. राखणदाराची ही पिवळी जात मात्र पैदासकेंद्रांत वाढविता येते. तिची अंडी बिळातच घातली जातात, पिल्ले मात्र काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात व त्यांस अतिसूक्ष्म जिवंत अन्न पुरवावे लागते. म्हणूनच पैदाशीचा मासा महाग पडतो. आम्ही पैदाशीच्या माशाची मागणी नोंदवून थांबलो. तेवीस दिवस लागले ते यामुळे. दगड व प्रवाळ यांच्याबाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळांचा समावेश झाला असून आपल्या समुद्रातील प्रवाळ उचलणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. पेटीसाठी कृत्रिम दगड मिळतात. काही महिन्यांत त्यांवर शेवाळ चढले की ओळखूही येत नाहीत.

नवा मासा पाण्यात सोडला तेव्हा तो प्रथम एका दगडामागे दडला. तिसऱ्या दिवशी बुजलेल्या तोंडाजवळ येऊन थांबला. वाळू आतून हलू लागली. एक मिशी बाहेर आली, इकडेतिकडे फिरली, माशाच्या अंगाला लागली, मागे गेली, पुन्हा लागली. अर्ध्या तासात दार उघडले होते आणि मासा डोके खाली घालून आत शिरला होता. त्या संध्याकाळी कोळंबीने वाळूचे किती ढीग बाहेर आणले, ते मुलीने मोजले: एका तासात एकतीस.

पाण्याचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. बंगळूरला कावेरीचे पाणी १९७४ पासून मिळते. ते सुमारे शंभर किलोमीटरवरून, कित्येक टप्प्यांत उंच चढवून आणले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील असंख्य बोअरवेल आटल्या, टँकरचे दर भडकले आणि मार्च महिन्यात पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास, बागांना व कारंज्यांना वापरण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठरविला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला व ताण काहीसा हलका झाला. आमच्या पेटीस दर आठवड्यास बदलण्यासाठी बारा लिटर व घट भरण्यासाठी सात-आठ लिटर पाणी लागते. ते आर.ओ. यंत्रातून काढावे लागते, कारण बोअरचे जड पाणी चालत नाही; आणि यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन ते तीन लिटर बाहेर टाकते. म्हणजे आठवड्यास साठ-सत्तर लिटर. त्या उन्हाळ्यात यंत्राचे टाकाऊ पाणी बादलीत साठवून फरशी व संडास धुण्यास वापरले, पाणी बदलण्याचे प्रमाण निम्म्यावर आणले आणि मासे कमी असल्याने ते निभावले. तरीही शेजारी घागरी घेऊन रांगेत उभे असता ही पेटी ठेवणे कितपत योग्य, हा प्रश्न मनात येत असे. पेटी रिकामी करावी तर त्या दोघांना सोडणार कोठे? समुद्र तीनशे किलोमीटर दूर, आणि ही जात कोठल्या समुद्रातली हेही निश्चित ठाऊक नसताना कोणत्याही समुद्रात सोडणे गैरच. जीव एकदा घरात आणला की तो परत करण्याचा मार्ग उरत नाही. दुकानात पैसे देण्यापूर्वी हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगितले.

यास्तव प्रत्येक शाळेने अशी पेटी घ्यावी, असे मी सुचविणार नाही. कोकणातील व मुंबई-ठाणे परिसरातील शाळांना तर तिची गरजही नाही. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या किंवा रायगडातील एखाद्या खाडीच्या काठी वीस मिनिटे हालचाल न करता बसावे. प्रथम चिखल रिकामा दिसेल. मग एकेका बिळातून डोळे वर येतील आणि निवट्या बाहेर पडून, डोके डावीकडे-उजवीकडे हलवीत, चिखलावरील सूक्ष्म शेवाळ खरवडू लागतील. अशा वेळी हात उंच करून सावली पाडावी. सगळ्या एकदम बिळात जातील. पहिली निवटी किती मिनिटांनी परत येते, दुसऱ्या वेळी किती, दहाव्या वेळी किती, ते घड्याळ लावून वहीत उतरवावे. आणि मोठ्या बिळांतल्या व लहान बिळांतल्या निवट्यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात.